फोन जोजो करतोय

काकू, नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते. मुलगी पावणेतीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. नवरा सकाळी सातच्या लोकलने जातो तो रात्री साडेआठला परत. सासूबाई आमच्याकडेच असतात, पण त्यांचे गुडघे धरलेत, पोरांच्या मागे धावणं त्यांना जमत नाही. माझी २६ आठवड्यांची रजा संपली, वर शिल्लक रजाही जोडून झाली. पुढच्या महिन्यात ऑफिस.

परवा सकाळी माझा मोबाईल सापडेना. गाद्या उचलल्या, कचऱ्याचा डबा उपसला. साडेसहाला गजर वाजला तो तांदळाच्या डब्यातून. मुलगी तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "शूऽऽ, फोन जोजो करतोय." नवरा हसला, सासूबाई हसल्या. मी हसायला गेले आणि रडायलाच लागले, ते थांबेचना. मग बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, नळ सोडला आणि बिस्किटांचा अर्धा पुडा खाल्ला. बाहेर आले तर मुलगी दाराशी बसलेली. "आई, तू काय खाल्लं?" त्याच दिवशी दुपारी पोळीचे तुकडे केले म्हणून तिने पाऊण तास भोकाड पसरलं. तिला तुकडे परत चिकटवून हवे होते. मी तिला धपाटा घातला. रात्री दोघं झोपली तरी मी जागीच.

सासूबाई म्हणतात, आम्ही चार-चार वाढवली, कधी दमलो नाही. नवरा म्हणतो, मी मदत करतोच की. मग मलाच का जमत नाही? मी वाईट आई आहे का? वेळेचं नियोजन कसं करू ते सांगा.

एक दमलेली आई

* * *

पोरी, बाथरूममध्ये बसायला काय घेतलंस, पाट की उपडी बादली? विचारते अशासाठी की लपून खाणाऱ्या आयांची माझ्याकडे बरीच मोठी यादी आहे. सत्तावीस वर्षं पाळणाघर चालवलं मी. एक आई मुलाला माझ्याकडे सोडून थेट स्टेशनला जायची नाही. आमच्याच जिन्यात दुसऱ्या पायरीवर बसून थंड वडापाव खायची आणि मग लोकल पकडायची. तिला वाटायचं मला कळत नाही. मी त्या पायरीवर एक जुनी उशी नेऊन ठेवली होती.

वाईट आई आहेस का, याचं उत्तर नाही. यावर यापेक्षा जास्त शाई घालवत नाही.

वेळेच्या नियोजनाचं मात्र डोक्यातून काढून टाक. नियोजन कुणाला सांगावं, तर ज्याच्याकडे वेळ आहे त्याला. तुझ्याकडे आधी झोपच नाही. तुझ्या घरातला हिशेब बघ. आठ महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत दुपारच्या डुलक्या धरून १२ ते १६ तास झोप लागते. पावणेतीन वर्षांच्या मुलीला साधारण ११ ते १३. म्हणजे दोघं मिळून तेवीस तासांच्या वर झोपतात, आणि त्यांच्या आईला सलग तीन तास मिळत नाहीत. घरात झोप भरपूर आहे, वाटणी चुकली आहे. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक चक्र दीड तासाच्या आसपास असतं, बाळाचं पाऊण-एक तासाचं. प्रत्येक चक्र संपताना बाळ वर येतं, चुळबुळतं, बघतं कोणी आहे का, आणि बऱ्याचदा परत आत जातं. तू मात्र प्रत्येक चुळबुळीला उठून बसतेस, आणि तो उठतोय का याची वाट बघतेस. हो ना?

तेव्हा रात्रीच्या दोन पाळ्या करा. साडेनऊला धाकट्याला पाज, नवऱ्याच्या हवाली कर आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घे. दोन वाजेपर्यंत बाळ उठलं तर ते त्याचं. दोन ते साडेसहा तुझं. दोघांना साडेचार-साडेचार तास सलग मिळतात. सलग साडेचार तास म्हणजे काय असतं हे तू विसरली असशील. चौथ्या दिवशी आठवेल. नवरा म्हणेल, मला दूध कुठंय? प्रत्येक रडणं भुकेचं नसतं हे त्याला सांग, आधी पाठीवर थोपटू दे, दोन-चार हुंदके येऊन जाऊ देत. तरी मागितलंच तर काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने. फ्रीजमध्ये ते चार दिवस टिकतं, बाहेर चार तासच, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेवढेही धरू नकोस. एक मात्र बजाव. पाळी त्याची असताना बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागू द्यायचा नाही. सोफ्याच्या फटीत बाळाचं नाक दबतं. बाळ त्याच्या स्वतःच्या अंथरुणात, पाठीवर, आणि बाबा शेजारी खाली गादीवर.

आता 'मदत' या शब्दाकडे येते, माझा जुना वैरी आहे तो. मदत म्हणजे काम तुझं, हात त्याचा. त्याला सांगायचं काय, हे तूच लक्षात ठेवायचंस, झालं का ते तूच बघायचंस, आणि शेवटी आभारही तूच मानायचेस. त्याला मदत मागू नकोस, एक अख्खं काम देऊन टाक. उदाहरणार्थ रविवारची दोघांची आंघोळ. अख्खी म्हणजे पाणी तापवण्यापासून. तेल चोळणं, डोळ्यात गेलेला साबण, त्यावरचं रडणं, टॉवेल, पावडर, कपडे, ओली मोरी, आणि जिथे जिथे ओले पाय उमटलेत तिथलं पुसणं. तू त्या वेळी घरात थांबायचं नाही. थांबलीस तर दारातून "अगं बाई, कान राहिले" म्हणशील, आणि काम परत तुझं होईल. खाली जा. भाजी आण. नाही तर नुसती बाकावर बस.

कान राहतील. कपडे उलटे घातले जातील. माझ्याकडे एक बाबा मुलाला सोडायला आले होते, विजारीच्या एकाच पायात मुलाचे दोन्ही पाय घातलेले. मुलगा बेडकासारखा उड्या मारत आत आला. मी नीट घालून द्यायला गेले तर घालू देईना, दिवसभर तसाच टुणटुणत होता, आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना तशीच विजार हवी होती. बाबांना मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचं त्यांनाच जमलं.

सासूबाईंशी भांडू नकोस. "आम्ही चार वाढवली" हे खरंच आहे. फक्त त्यांना एकदा निवांत विचार, तेव्हा घरात कोण कोण होतं. खोचून नाही, खरोखरच विचार. त्या मोजायला लागतील: थोरल्या जाऊबाई, एक नणंद लग्नाची, दुपारी शेजारची कोणी, आणि चारातली थोरली आठ वर्षांची झाली की धाकटी तिच्या कडेवर. माझी स्वतःची लेक दादरच्या चाळीत वाढली. दुपारी ती कुणाच्या खोलीत झोपली आहे हे शोधत मी गॅलरीभर फिरायचे. कधी सापडायची ती पार तिसऱ्या मजल्यावर, कुणाच्या तरी पाटावर बसून तूप-भात खाताना. तेव्हाही माझा जीव मेटाकुटीला यायचा. माझ्या सासूबाई फार करड्या होत्या, दमणं बिमणं त्यांच्या शब्दकोशात नव्हतं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकदा लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "दळणाला मी गिरणीत जायचे ना, तेव्हा रांगेत मागची आली की तिला म्हणायचे, तू हो पुढे." मला आधी कळेना, यात काय सांगण्यासारखं? मग कळलं. पिठाच्या धुरळ्यात, त्या घरघराटात, कोणी हाक मारणार नाही अशी अर्धा तास जागा होती ती. तुझा नळ तसा त्यांचा गिरणीचा पट्टा.

तुझ्या सासूबाईंचे गुडघे धरलेत, हात आणि तोंड तर ठीक आहे ना? मग बसल्या जागेचं काम त्यांचं. संध्याकाळी सहा ते सात ही सगळ्या घरांत बोंबाबोंबीची वेळ असते, आम्ही पाळणाघरात तिला रडका तास म्हणायचो. त्या तासाला मोठीला त्यांच्यापुढे बसव, मटार सोलायला दे, कोथिंबीर निवडायला दे. निम्मी जमिनीवर जाईल, जाऊ दे. धाकट्याला मऊ भात भरवणंही त्यांच्याकडे सोपव. आणि त्याच्यासाठी वेगळं शिजवत बसू नकोस. आपलंच वरण मीठ-फोडणी घालायच्या आधी वाटीभर काढायचं, त्यात भात कुस्करायचा, वर तूप. वर्षाच्या आत त्याला मीठ-साखर लागत नाही. सासूबाई मायेने मध चाटवतील तेवढं मात्र हात जोडून थांबव. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा वाईट आजार होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या तोंडून सांगितलंस तर घरात शांतता राहील.

आता मोठी. तिच्यावर माझा खरा जीव जडलाय.

फोन जोजो करतोय! तू दिवसभर दोनच गोष्टी हातात धरतेस, फोन आणि भाऊ. दोन्ही आले की तिला "थांब हं" ऐकावं लागतं. तिने त्यातल्या एकाला झोपवलं. भाऊ डब्यात मावत नव्हता. चिडू नकोस, मी हसतेय, पण पोरीने किती शहाणपणा केला बघ: आदळला नाही, खिडकीबाहेर फेकला नाही. मऊ जागा शोधली, वरून तांदळाचं पांघरूण घातलं, आणि तू जसं बाळाला झोपवून सगळ्यांना गप्प करतेस तसं तुम्हा सगळ्यांना गप्प केलं. धाकटा दुपारी झोपला की भांडी तशीच ठेव आणि पंधरा मिनिटं फक्त तिला दे. खेळ तिने ठरवायचा. बहुतेक तुला बाळ व्हायला लावेल आणि थोपटून थोपटून पाठ लाल करेल. झोप लागली तर झोप.

पोळीचं सांगते. तिच्या लेखी अख्खी पोळी ही एक वस्तू आहे आणि तुकडे झाले की ती वस्तू संपली. कुणीतरी तुझी साडी फाडून "अगं, कापड तेवढंच आहे" म्हणावं तसं. मेंदूचा जो भाग रागाला लगाम घालतो तो या वयात अगदी कच्चा असतो, पुढे पंचविशीपर्यंत पिकत राहतो. म्हणून भोकाड चालू असताना समजावणं म्हणजे कुकरची शिट्टी चालू असताना झाकण उघडायला जाणं. वाफ जाऊ दे. जवळ बस, कमी बोल, "तुला अख्खी हवी होती" एवढंच म्हण. माझ्याकडे एक मुलगा केळं मोडलं म्हणून तास-तास रडायचा. मी त्याच्यासमोर ते मोडलेलं केळं स्वतः खाऊन टाकायचे, अगदी चवीने. तो थक्क होऊन रडायचं विसरायचा. हा उपाय शास्त्रात नाही. उद्यापासून पोळी अख्खी ताटात वाढ आणि विचार, "तू मोडतेस की मी मोडू?" ती मोडेल, चुरा करेल, खाईल. कदाचित न मोडता गुंडाळून हातात धरून घरभर फिरेल आणि संध्याकाळी ती सोफ्याखाली सापडेल. त्याला इलाज नाही.

धपाट्याबद्दल तिच्याशी बोल. लांबण नको. "आईने मारलं, आई चुकली. आई दमली होती, पण मारायचं नव्हतं." एवढं तिला कळतं. मग लगेच ती "मला बाऊ झाला" म्हणून भलतंच कोपर दाखवेल, त्यावर फुंकर घाल.

टीव्ही-मोबाईलचं तू विचारलं नाहीस, पण मनात असेलच. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वयाला दिवसाला फार तर तासभर. तेव्हा तू आंघोळीला गेलीस आणि मोठी वीस मिनिटं कार्टून बघत बसली तर पाप लागत नाही. फक्त जेवताना नको. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि मग भरवण्याचा तो दीड तासाचा कार्यक्रम सुरू होतो, जो तुला परवडणार नाही.

आता जरा गंभीर. तुझ्या पत्रात मी दोन वाक्यांवर थांबले. रडू थांबेचना, आणि दोघं झोपली तरी मी जागीच. केस गळतायत, चक्कर येते, जिना चढून धाप लागते, असं काही आहे का? बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस झडतात ते आपोआप थांबतं, त्याची काळजी नको. पण हिमोग्लोबिन आणि थायरॉईड या दोन तपासण्या या आठवड्यात कर. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो पंडुरोग, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के या यादीत निघाल्या. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉईडही काही जणींना दगा देतं. लोहाच्या गोळीने जे बरं होतं त्यासाठी स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

आणि रडणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, कशातच मन लागत नसेल, बाळं झोपूनही झोप येत नसेल, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांग. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या महिन्यातच येतं असं नाही, वर्षाच्या आत कधीही डोकं वर काढतं, आणि त्याला औषध आहे. स्वतःला किंवा मुलांना काही करावंसं वाटलं तर त्याच क्षणी मुलं कुणाच्या तरी हातात दे, नवऱ्याला उठव आणि डॉक्टर गाठ. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. भिंतीवर लिहून ठेव. मोबाईलमध्ये नको, तो तांदळात असतो.

ऑफिसचं. कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय त्यांनी करायची असा कायदा आहे, आणि तिथे दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येतं. एचआरला आत्ताच पत्र टाक. सोय नसेल आणि बाहेरचं पाळणाघर बघणार असशील तर माझ्या धंद्यातली गुपितं फोडते. भिंतीवरची चित्रं आणि खेळणी बघू नकोस, ती आम्ही तुमच्यासाठीच लावतो. न सांगता दुपारी चारला जा. मुलांची नाकं पुसलेली आहेत का बघ. मोरीचा वास घे. विचार की मुलं झोपलेली असताना त्यांच्याजवळ कोण बसतं. उत्तर द्यायला वेळ लागला तर तिथून निघ. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी सोडायला सुरुवात कर, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन, असं वाढवत. मोठी रडणार नाही, धाकटा रडेल, आणि तू जिन्यात रडशील. उशी असेल तर बघ.

लिफ्टमध्ये भेटून "एन्जॉय कर गं, हे दिवस परत येत नाहीत" म्हणणारी एखादी तुझ्या सोसायटीत असेलच. तिचा फ्लॅट नंबर लिहून ठेव. तिला म्हण, शनिवारी चार ते सहा दोघांना तुमच्याकडे पाठवते, करा एन्जॉय. मी हे एकीला करायला लावलं होतं. ती बाई खरंच हो म्हणाली, आणि आता त्या घरातला मुलगा दहावीला गेला तरी शनिवारी तिच्याकडे जेवतो.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आले की कळव, आणि रविवारच्या आंघोळीत काय काय झालं तेही.

तुझी,
काकू

ता. क. एक राहिलंच. किडे होऊ नयेत म्हणून तांदळाला बोरिक पावडर चोळली असेल तर तो डबा आजच्या आज वर चढव. लहान मुलांच्या पोटात ती गेली तर विषारी असते. मोठीचे हात त्यात कोपरापर्यंत गेले होते आणि धाकटा आता रांगत तिथवर पोचेलच. पुढच्या वेळी कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल.